वीतभर फळीवरची पानगळ

१९१४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात कॅनडातल्या ॲल्गॉन्क्विन पार्कात चार चित्रकार मुक्कामाला होते: टॉम थॉमसन, ए. वाय. जॅक्सन, आर्थर लिस्मर आणि फ्रेडरिक व्हार्ली. युरोपात पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. इथे टोरांटोच्या उत्तरेला, तळ्यांनी आणि नद्यांनी भरलेल्या त्या अफाट रानात मेपल लाल झाले होते, बर्च पिवळे झाले होते आणि हे चौघे रंगपेट्या घेऊन त्या रंगांच्या मागे हिंडत होते. जॅक्सनने ऑक्सटंग नदीच्या काठी पाहिलेल्या एका कोवळ्या मेपलचं चित्र आज ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. मागे खळाळणारं गडद पाणी, पुढे बारीक फांद्यांवर मोजकी लालभडक पानं. एवढंच आहे त्यात. पण ते पाहिलं की ऑक्टोबरची थंडी अंगाला लागते.

चौघांमध्ये या रानाचा खरा माहितगार थॉमसन. तो १९१२ पासून इथे येत होता. पुढे इथेच त्याने मासेमारांचा वाटाड्या म्हणून आणि वणव्यांवर नजर ठेवणारा रक्षक म्हणूनही काम केलं. होडी वल्हवत तो आत आत जाई आणि मांडीवर रंगपेटी घेऊन लाकडाच्या लहान फळीवर तैलरंगात चित्र काढी. फळी साधारण साडेआठ इंच रुंद, साडेदहा इंच लांब, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी मोठी. रंगपेटीच्या झाकणात खाचा असत. ओली फळी खाचेत सरकवली की रंग कशाला न लागता घरी पोचे. अशा सुमारे ४०० फळ्या आणि ५० च्या आसपास मोठे कॅनव्हास त्याने मागे ठेवले, आणि हे जवळजवळ सगळं काम त्याच्या शेवटच्या पाच वर्षांतलं. ८ जुलै १९१७ रोजी तिथल्याच कनू लेकवर त्याची रिकामी होडी सापडली. आठ दिवसांनी त्याचा देह मिळाला. तो ३९ वर्षांचा होता.

कॅनडातल्या शाळांत आजही पानं रंग बदलू लागली की मुलं थॉमसनची चित्रं समोर ठेवून पानगळ रंगवतात. नामवंत चित्रकाराच्या चित्रावरून मुलांना शिकवायचं म्हटलं की बहुतेक वेळा नक्कल होते. त्याचं झाड इथे, मग तुमचंही इथे. त्याचा डोंगर निळा, मग तुमचाही निळा. थॉमसनच्या बाबतीत असं करणं फार मोठी संधी घालवण्यासारखं आहे. त्याची झाडं बाजूला ठेवून त्याची कामाची रीत मुलांच्या हाती दिली, तर आठ-नऊ वर्षांचं मूलही रंगाकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागतं. ती रीत समजायला आधी पानाच्या आत काय चालतं ते पाहायला हवं. चित्रकलेच्या तासाला मी विज्ञानापासूनच सुरुवात करीन, कारण हे विज्ञान ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात.

उन्हाळाभर पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. हे द्रव्य उन्हात सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नव्याने घडवत असतं. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की झाड हा खर्च आवरतं घेतं. पानात गुंतलेला नायट्रोजन ते फांद्या-खोडांकडे परत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार करतं. पुढे पान तिथूनच सुटतं. हिरवा ओसरला की खालचा पिवळा दिसू लागतो. हा पिवळा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. गाजराचा केशरी रंग याच कुळातला. म्हणजे बर्चचं पान ऑक्टोबरात पिवळं होत नाही. पालवी फुटली तेव्हापासून ते आतून पिवळं होतंच, हिरव्याने त्याला झाकून ठेवलं होतं.

लाल रंगाची गोष्ट याहून विलक्षण आहे. मेपलमधला तो लाल अँथोसायनिनचा. बहुतेक पानांत तो उन्हाळ्यात नसतो. झाड तो शरदात, पान टाकून देण्याच्या थोडे दिवस आधी, साखरेपासून नव्याने बनवतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठण्याइतकी नाही पण चांगली थंडी असेल, तर लाल जास्त खुलतो. जे पान आता गळणारच आहे त्यावर झाड एवढी मेहनत का घेतं? शास्त्रज्ञ यावर अजून वाद घालत आहेत. एक मत असं की हरितद्रव्य मोडत असताना पान उन्हाला फार नाजूक झालेलं असतं आणि लाल रंग त्याच्यावर सावली धरतो, म्हणजे शेवटचा नायट्रोजन परत घेईपर्यंत काम नीट चालतं. दुसरं मत डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या उत्क्रांतीच्या अभ्यासकाचं. सॅम्युएल ब्राउनबरोबरचा त्याचा हा निबंध २००१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते भडक रंग हा मावा आणि इतर किडींना दिलेला इशारा आहे: हे झाड सशक्त आहे, अंडी घालायला दुसरीकडे जा. दोन्ही मतं मुलांना सांगावीत आणि निकाल त्यांच्यावर सोडावा. मुलांना असे न सुटलेले प्रश्न फार आवडतात.

त्या रानात प्रत्येक झाडाचा रंग वेगळा. शुगर मेपल केशरीकडून शेंदरीकडे जातो, रेड मेपल डाळिंबी होतो, बर्च आणि ॲस्पेन हळदी पिवळे. तामरॅक हे सूचिपर्णी झाड असूनही त्याच्या सुया सोनेरी होतात आणि गळून पडतात. आणि या सगळ्यांच्या मागे-मध्ये स्प्रूस आणि पाइन काळपट हिरवे उभे असतात, जराही न बदलता. त्यांच्या गडदपणाशिवाय बाकीचे रंग फिके पडले असते. थॉमसनने हे अचूक ओळखलं होतं. ‘नॉर्दर्न रिव्हर’ हे त्याचं १९१४-१५ सालचं चित्र पाहा: अगदी पुढे काळ्या, किडकिडीत झाडांची जाळी आणि तिच्या फटींतून दिसणारी, उजेड धरून वाहणारी नदी. रंग थोडेच आहेत, पण गडदाच्या शेजारी ठेवल्यामुळे ते दुपटीने बोलतात.

शेजारचा रंग असा परिणाम का करतो, याचा शोध एका कापडाच्या कारखान्यात लागला. पॅरिसच्या गोब्लाँ या प्रसिद्ध विणकामशाळेत मिशेल युजेन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या धाग्यात दम नाही, अशा तक्रारी त्याच्याकडे येत. त्याने धागे तपासले. रंगात दोष नव्हता. दोष शेजाऱ्यांचा होता. निळ्याच्या शेजारी विणलेला काळा डोळ्याला उतरलेला दिसत होता. यातून त्याने १८३९ मध्ये रंगांच्या परस्पर परिणामावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या पिढ्यांतले युरोपचे चित्रकार त्याच्या ऋणात राहिले. निळ्याजवळ केशरी, हिरव्याजवळ लाल, जांभळ्याजवळ पिवळा ठेवला की दोन्ही रंग उजळतात. (शेव्रल १०२ वर्षं जगला. रंगांवर इतकं प्रेम केलेल्या माणसाला एवढी वर्षं पाहायला मिळाली, याचा मला आनंद वाटतो.)

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवावं. राखाडी कागदाचे नखाएवढे दोन सारखे तुकडे कापा. एक केशरी कागदावर ठेवा, एक निळ्यावर. केशरीवरचा तुकडा निळसर दिसतो, निळ्यावरचा किंचित उबदार, पिवळसर. तुकडे उचलून शेजारी ठेवले की पुन्हा सारखेच. मुलं तुकडे बदलून बदलून पाहतात. काहींना तर आपल्याला फसवलं असंच वाटतं. या खेळाला पाच मिनिटं लागतात आणि रंगचक्राचा तक्ता तासभर शिकवून जे पोचत नाही ते पोचतं.

आता थॉमसनची रीत. त्याच्या कामातली मुलांसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चित्राखालचा रंग. पांढऱ्या कोऱ्या पृष्ठभागावर तो सहसा सुरुवात करत नसे. फळीचं लाकूड मुळातच उबदार तपकिरी. कधी ते तसंच उघडं राही, कधी त्यावर रंगाचा हात दिलेला असे. वरचे फटकारे तो एकमेकांना पूर्ण भिडू देत नसे, त्यामुळे फटींतून खालचा रंग डोकावत राही. ‘द जॅक पाइन’ या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कॅनव्हासमध्येही झाडाच्या कडांशी खालचा लाल जागोजागी दिसतो. चित्र आतून तापलेलं वाटतं ते त्यामुळे.

आपल्याकडे मुलांच्या हाती पांढराशुभ्र कागद दिला जातो आणि त्या पांढऱ्याची त्यांना भीती असते. मग तो भरायला ठरलेली युक्ती धावून येते: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली नागमोडी नदी, काठाला झोपडी. एलिमेंटरीच्या परीक्षेपर्यंत हा देखावा कित्येकांची सोबत सोडत नाही. पांढराच काढून घेतला तर? कागदाला आधी गेरूचा हात द्यायचा. पोस्टर कलरमधला बर्न्ट सिएना पातळ करून चपट्या ब्रशने आडवातिडवा फिरवला तरी चालतं. एकसारखा लागायला नको, उलट फराटे दिसले तर बरे. कागद आदल्या दिवशी रंगवून वाळू द्यावा. तेवढाही वेळ नसेल तर वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्यावा. तो उबदार तपकिरी असतो, स्वस्त असतो आणि तेली खडू त्यावर सुरेख बसतात. आकार मात्र थॉमसनच्या फळीएवढाच, साडेआठ बाय साडेदहा. मोठ्या कागदावर मूल दमतं आणि कोपरे कंटाळून भरतं. या आकारावर चित्र एका बैठकीत, उत्साह असतानाच पुरं होतं.

रंगपेटीतल्या वड्यांचे जलरंग इथे उपयोगाचे नाहीत. ते पारदर्शक, गेरूवर टाकले की त्यात बुडून जातात. पोस्टर कलर हवेत, आणि तेही घट्टसर, साईसारखे. काळ्या रंगाची बाटली बाजूला ठेवावी. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळले की काळ्याच्या जवळ जाणारा गडद तयार होतो. निळा वाढवला तर तो दूरच्या रानाचा, तपकिरी वाढवला तर ओल्या खोडाचा. थोडा हिरवा मिसळला की स्प्रूस.

प्रौढ माणसं आकाशापासून सुरुवात करायला सांगतात. मी गडदापासून करायला सांगीन. आधी दूरच्या टेकडीचा निळसर जांभळा पट्टा, मग स्प्रूसचे काळपट शेंडे, मग पाण्याची कड. यावर पिवळा. पान काढायचं नाही, पानांचा जमाव काढायचा: ब्रश टेकवायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. पिवळा लागल्यावर त्यावर केशरी आणि सगळ्यात शेवटी लाल, अगदी थोडा. पानातही क्रम हाच आहे, पिवळा आधीपासून आत असतो आणि लाल मागाहून येतो. मुलांना याची आठवण करून द्यावी, म्हणजे ब्रशच्या क्रमाला कारण मिळतं. लाल किती लावायचा यावर मात्र शिक्षकाने ठाम राहावं. सगळीकडे लाल असलं की लाल कुठेच उरत नाही.

आकाश शेवटी. पानांच्या जमावावर आकाशाचे तुकडे ठेवायचे, जणू झाडात खिडक्या उघडतोय. यातली गंमत अशी की फांदी मुलाने काढलेलीच नसते. आजूबाजूला निळा आला म्हणून फांदी जन्माला येते. फिकट निळ्यात पांढऱ्याबरोबर कणभर केशरी मिसळला तर तो पोस्टर कलरचा बाटलीतला निळा राहत नाही, हवेचा होतो. पाण्यातलं प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी उतरवून वरून दोन-तीन आडव्या रेघा ओढल्या की पाणी सपाट पडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फटी बुजवू नयेत. ‘अजून तपकिरी दिसतंय’ असं मूल म्हणेल, तेव्हा त्याला चित्र हातभर लांब धरून पाहायला लावावं. लांबून पाहिलं की त्याचं त्यालाच कळतं की तो तपकिरी आता तपकिरी राहिलेला नाही, संध्याकाळचा उजेड झाला आहे.

थॉमसनकडे चित्रकलेचं पद्धतशीर शिक्षण जवळपास नव्हतं. टोरांटोच्या ग्रिप लिमिटेड या कंपनीत तो जाहिराती आणि अक्षरं रेखाटायचा. सपाट रंग, स्पष्ट कड आणि लांबून ओळखू येणारा आकार ही त्या कामाची शिकवण त्याच्या रानातल्या चित्रांतही उतरली. म्हणूनही त्याची चित्रं मुलांना चटकन कळतात.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. चित्रांत माणूस क्वचित दिसतो, पण ते रान निर्मनुष्य नव्हतं. पार्क १८९३ मध्ये झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ॲल्गॉन्क्विन आणि इतर अनिशिनाबे लोक राहत, शिकार करत, होड्यांनी फिरत. पार्कचं नावही त्यांचंच. शिवाय लाकूडतोड जोरात होती. थॉमसनने नदीतून ओंडके वाहून नेतानाचं चित्रही रंगवलं आहे. पाइन तोडल्यावर किंवा वणव्यानंतर मोकळ्या जमिनीवर बर्च आणि ॲस्पेन आधी उगवतात; त्या पिवळ्याधमक उतारांमागे कधीकधी कुऱ्हाडीचाही हात असतो.

थॉमसन गेल्यावर तीन वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच्या मित्रांनी ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ स्थापन केला. जॅक्सन, लिस्मर आणि व्हार्ली तिघेही त्यात होते. लिस्मरचं पुढचं आयुष्य मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत हृद्य वाटतं. इंग्लंडमधल्या शेफील्डचा हा माणूस चित्रकार म्हणून नावाजला गेला, तरी त्याने उमेद ओतली ती मुलांना शिकवण्यात. १९३० च्या दशकात टोरांटोच्या कलादालनात त्याचे शनिवार सकाळचे वर्ग भरत. मुलं शेकड्यांनी येत, दालनांत जमिनीवर पसरून चित्रं काढत, मोठमोठे कागद मिळून रंगवत, वेष करून मिरवणुका काढत. पुढे माँट्रियललाही त्याने मुलांचं कलाकेंद्र उभं केलं. व्हिएन्नात १८९७ पासून मुलांचा चित्रवर्ग चालवणाऱ्या फ्रांझ चिझेकचा विचार त्याला जवळचा होता: मुलाच्या चित्राला स्वतःची भाषा असते, मोठ्यांच्या चित्राची ती कच्ची प्रत नव्हे. आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत देवी प्रसाद यांनी १९४४ पासून हेच मानून मुलांना चित्रकला शिकवली. ज्याने थॉमसनच्या शेजारी बसून ती पानगळ रंगवली होती, त्याने मुलांना थॉमसनची नक्कल करायला लावली नाही, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

टोरांटोच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबं सप्टेंबर सरताना रंग पाहायला ॲल्गॉन्क्विनकडे गाड्या काढतात. त्यांनी एक फेरी क्लाइनबर्गच्या मॅकमायकल संग्रहालयाचीही करावी. टोरांटोतल्या ज्या लाकडी खोपटात थॉमसन महिना एक डॉलर भाड्याने राहत आणि हिवाळ्यात मोठी चित्रं रंगवत असे, ते १९६२ मध्ये तिथे हलवण्यात आलं. आत संग्रहालयात त्याच्या फळ्या आहेत. छापील चित्रात फळीची जाडी आणि रंगाचे उंचवटे येत नाहीत. मुलांना ते प्रत्यक्ष पाहू द्यावेत.

महाराष्ट्रात मेपल नाही, पण लाल तोच आहे. फाल्गुन-चैत्रात कुसुमाच्या झाडाला पालवी फुटते ती डाळिंबी लाल. पिंपळाची कोवळी पानं तांबूस, आंब्याची तांबडी-जांभळट. हा रंगही अँथोसायनिनचाच. फक्त तिथे तो पान जाताना येतो आणि इथे पान येताना. सह्याद्रीच्या उतारावर करड्या, निष्पर्ण झाडांमध्ये एखादं कुसुम पालवलेलं दिसलं, तर थॉमसनला हवी होती तशीच मांडणी समोर असते: भोवती विझलेले रंग आणि मध्ये एक जिवंत लाल. येत्या फाल्गुनात शिक्षकांनी, आईवडिलांनी मुलांना घेऊन अशा झाडापुढे बसावं. अर्धा तास द्यावा, त्यांच्या चित्राला आपला ब्रश लावू नये. पालवी फार दिवस लाल राहत नाही, लवकरच हिरवी होते. तेव्हा कागद गेरूने रंगवून आधीच वाळवून ठेवा.